पुन्हा भोपाळला गेलेला कॅमेरा : रघू राय यांच्या छायाचित्रांविषयी

भोपाळच्या वायुदुर्घटनेचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. मातीत पुरले जात असलेले एक लहान मूल. मातीतून वर राहिलेला केवळ चेहरा. उघडे पण निस्तेज झालेले डोळे. आणि त्या चेहऱ्याशी आलेला एका मोठ्या माणसाचा हात. डिसेंबर १९८४ मध्ये रघू राय यांनी टिपलेले हे छायाचित्र 'अज्ञात बालकाचे दफन' या नावाने ओळखले जाते. ते मूल कोणाचे, हे आजतागायत कळलेले नाही. चित्र मात्र इतके परिचयाचे झाले आहे की, त्याच्याकडे चित्र म्हणून पाहण्याचे आपण जवळजवळ सोडूनच दिले आहे. ते मोर्चातल्या फलकावर दिसते, स्मृतिदिनाच्या लेखाशेजारी दिसते, आणि आपण पान उलटतो.

प्रस्तुत लेखात त्या चित्राकडे, आणि ते टिपणाऱ्या माणसाच्या कामाकडे, थोडे सावकाश पाहावे असा हेतू आहे. आपत्तीचे चित्रण करणाऱ्याचे मोल तो घटनास्थळी किती लवकर पोहोचला यावरून करण्याची वृत्तपत्रांची जुनी रीत आहे. राय यांची चित्रे एकामागून एक पाहत गेल्यावर मला दुसरे एक माप अधिक खरे वाटू लागले. गर्दी ओसरल्यावर छायाचित्रकार तेथे पुन्हा गेला काय? आणि गेला, तर त्याला काय दिसले?

राय यांचा जन्म १९४२ साली, आज पाकिस्तानात असलेल्या झंग येथे झाला. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. थोरले बंधू एस. पॉल हे नावाजलेले छायाचित्रकार होते आणि त्यांच्या संगतीनेच कॅमेरा हाती आला. सुरुवातीच्या दिवसांत टिपलेले गाढवाच्या शिंगराचे एक चित्र बंधूंनी लंडनच्या 'द टाइम्स'कडे धाडले आणि ते छापूनही आले. ज्या हाताने पुढे भोपाळ टिपले त्याची सुरुवात एका शिंगरापासून व्हावी, हे मला मनापासून आवडते. त्यानंतर 'द स्टेट्समन'मध्ये सुमारे दहा वर्षे नोकरी, मग कलकत्त्याचे 'संडे' साप्ताहिक, आणि १९८२ ते १९९१ या काळात 'इंडिया टुडे'. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या आणि निर्वासितांच्या चित्रणाबद्दल १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पॅरिसमधील प्रदर्शन पाहून प्रभावित झालेल्या आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९७७ साली 'मॅग्नम' या छायाचित्रकारांच्या जगप्रसिद्ध सहकारी संस्थेसाठी त्यांचे नाव सुचविले.

मानसन्मानाची यादी इथेच थांबवतो. वृत्तपत्रातल्या छायाचित्रकाराचे दिवस मानसन्मानात जात नसतात. सकाळी कुणा मंत्र्याच्या हस्ते कोनशिला, दुपारी पुराने वाहून गेलेला पूल, संध्याकाळी काळ्या खोलीत डेव्हलपर आणि हायपोच्या वासात उभे राहून ओले प्रिंट संपादकाच्या टेबलावर पोहोचवणे, हा त्याचा प्रपंच. त्यातले नव्याण्णव टक्के काम दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. वृत्तपत्र त्याला एक गोष्ट मात्र पक्की शिकवते: पाहायचे, टिपायचे आणि परतायचे. संपादकाला चित्र आज हवे असते. चार महिन्यांनी आणलेल्या चित्राला पानावर जागा नसते.

भोपाळची चित्रे याच शिस्तीतून आली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि भोवतालच्या वस्त्यांवर पसरला. माणसे झोपेतून उठून धावली. धावताना तो वायू अधिकच छातीत भरला गेला. तत्काळ मृत्यूंचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले, आणि वाचलेल्यांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट आकडा सांगत आल्या आहेत. बातमी येताच देशोदेशीचे छायाचित्रकार भोपाळला पोहोचले. त्यांत राय होते, आणि पाब्लो बार्थोलोम्यूही होते.

एकाच मुलाची दोन चित्रे असण्याचा दुर्मिळ प्रसंग येथे घडला आहे. बार्थोलोम्यू यांनी त्याच दफनाचे रंगीत चित्र टिपले आणि त्याला 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा १९८४ या वर्षाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुष्कळांना ही दोन चित्रे एकच वाटतात. ती शेजारी ठेवून पाहावीत. रंगीत चित्रात माती ही त्या जागेची माती आहे. कातडीला कातडीचा रंग आहे आणि डोळ्यांवर आलेला पांढुरका पडदा त्या रंगांमध्ये एखाद्या घावासारखा टोचतो. विष शरीराला काय करते याचा तो पुरावा आहे, आणि पुरावा म्हणून ते चित्र अधिक समर्थ आहे असे माझे मत आहे. राय यांच्या कृष्णधवल चित्रात चेहरा आणि माती एकाच करड्या छटेकडे झुकतात. मूल मातीत ठेवलेले नाही, ते मातीच होऊ लागले आहे, असा भास होतो. नजर मग डोळ्यांवरून हळूहळू त्या हाताकडे जाते. तो हात माती लोटतो आहे की चेहऱ्यावरून अखेरचा फिरतो आहे, हे स्थिर चित्रात ठरवता येत नाही. पाहणारा तेथे अडकतो. संताप बार्थोलोम्यूंच्या चित्रातून येतो. राय यांच्या चित्रातून येतो तो शोक. वृत्तपत्राला दोन्ही हवे असतात, मात्र एकाच चित्रातून ते क्वचितच मिळते.

आता जो प्रश्न टाळता येत नाही तो विचारला पाहिजे. मृत मुलाच्या इतक्या जवळ कॅमेरा नेण्याचा अधिकार कोणाला? आपल्या समाजाला मृताचे छायाचित्र अपरिचित नाही. शवपेटीभोवती कुटुंबीय उभे राहतात, धर्मग्रामातला नेहमीचा फोटोग्राफर एक-दोन फ्लॅश उडवतो, आणि तो फोटो आखातात नोकरीला असलेल्या, मातीला पोहोचू न शकलेल्या मुलाला पाठवला जातो. बाहेरच्यांना ही रीत चमत्कारिक वाटते. पण त्या फोटोत एक करार असतो: तो घरच्यांनी मागितलेला असतो, घरच्यांसाठी असतो आणि घरच्या कपाटात राहतो. भोपाळच्या मुलाचा फोटो कोणी मागितला नव्हता, आणि तो ठेवायला कोणाचे कपाटही पुढे आले नाही.

या संदर्भात जपानमधील मिनामाताचे उदाहरण आठवते. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या विषाने तेथे माणसे आयुष्यभरासाठी पंगू झाली. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी आपल्या पत्नी आयलीन यांच्यासह तेथे राहून काम केले आणि १९७१ च्या डिसेंबरात, जन्मतःच विषबाधा झालेल्या मुलीला स्नान घालणाऱ्या आईचे चित्र टिपले. पाहणाऱ्याला मायकेलअँजेलोच्या पिएताची आठवण व्हावी असेच ते चित्र आहे. जगभर ते गाजले. मुलगी १९७७ साली वारली. पुढे आईवडिलांना वाटू लागले की, आता आपल्या लेकीला विसावा मिळावा. तेव्हा, यूजीन स्मिथ हयात नसताना, आयलीन यांनी १९९८ साली त्या चित्राविषयीचा निर्णय आईवडिलांच्या हाती सोपवला आणि ते यापुढे नव्याने छापण्यास देणे बंद केले. मुलीचे नाव मीही येथे लिहीत नाही. छायाचित्रणाच्या इतिहासात इतकी थोर कृती मागे घेतली गेल्याची उदाहरणे फार नाहीत, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. पण हेच भोपाळमध्ये करता आले नसते, कारण निर्णय सोपवायला कोणी आईबाप ठाऊकच नाहीत. मुलाचा सांभाळ करण्याची जबाबदारी, शब्द थोडा मोठा होतो याची जाणीव ठेवून म्हणतो, छायाचित्रकारावरच येऊन पडते.

राय यांनी ती कशी पेलली? माझ्या मते, पुन्हा जाऊन. दुर्घटनेनंतरच्या वर्षांत प्रकरण न्यायालयात आणि वाटाघाटीत गेले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पत्रकारांचे तांडे केव्हाच पांगले होते. राय मात्र पुढे ग्रीनपीस या संस्थेसाठी भोपाळला गेले आणि वायुपीडितांच्या नंतरच्या आयुष्याचे सविस्तर चित्रण केले. त्यातून एक पुस्तक झाले आणि दुर्घटनेला वीस वर्षे झाली त्या २००४ सालापासून ती प्रदर्शने युरोप, अमेरिका, आग्नेय आशिया आणि भारतात फिरली. हे नंतरचे काम पहिल्या चित्राइतके गाजले नाही, यात नवल नाही. खोकणारी स्त्री, औषधाची रांग, गंजत उभा राहिलेला कारखाना यांत धक्का देणारे काही नसते. पण १९८४ सालची चित्रे या नंतरच्या चित्रांशेजारी लागली की त्यांचा अर्थ बदलतो. पत्नीचे शव खांद्यावर टाकून ओस पडलेल्या कारखान्यावरून जाणाऱ्या पुरुषाचे राय यांचे एक चित्र आहे. एकटे पाहिले तर ते शोकाचे चित्र आहे; नंतरच्या चित्रांनी वेढले गेले की त्यातला मागचा कारखाना पुढे येऊ लागतो. त्याच कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलवला जाण्यास जानेवारी २०२५ उजाडला, हे लक्षात घेतले म्हणजे परत जाण्याला काय किंमत असते ते उमगेल.

आपल्या वाचकांना राय यांची ओळख बहुधा भोपाळपेक्षा मदर तेरेसांमुळे असेल, आणि येथेही तेच 'पुन्हा जाणे' दिसते. 'स्टेट्समन'च्या दिवसांत, १९७० च्या सुमारास, मदरांना त्यांनी प्रथम टिपले. १९९७ च्या अंत्ययात्रेपर्यंत ते टिपत राहिले. नवीन चावला यांच्या लेखनासह त्यांचे मदरांवरचे पुस्तक १९९६ साली आले, म्हणजे संतपद घोषित होण्यास अद्याप वीस वर्षे होती.

परंतु या चित्रांकडे वळण्याआधी त्याच कलकत्त्यातील, छायाचित्रणाच्या साधनांविषयीची एक हकीकत सांगायला हवी, कारण भाविकांच्या घरी ती अर्धीच सांगितली जाते. १९६९ साली माल्कम मगरिज हे बीबीसीच्या पथकासह मदरांवर चित्रपट करण्यास आले. कालीघाटच्या 'निर्मल हृदय'मध्ये उजेड फारच अपुरा होता आणि तेथे चित्रण होईल की नाही याची शंका होती. कॅमेरामन केन मॅकमिलन यांनी तरीही चित्रण केले. फिल्म धुवून आली तेव्हा आतली दृश्ये एका मृदू, सुंदर प्रकाशात न्हालेली निघाली. मगरिज यांनी तो दैवी प्रकाश मानला, तसे लिहिले, आणि ती कथा जगभर गेली. पुढे, १९९० च्या दशकात, मॅकमिलन यांनी आपली बाजू सांगितली. त्यांच्या मते श्रेय कोडॅक कंपनीच्या नव्या, अंधुक उजेडातही काम देणाऱ्या फिल्मचे होते. ती त्यांनी पूर्वी वापरून पाहिलेली नव्हती, एवढेच.

मदरांच्या टीकाकारांनी ही साक्ष हत्यारासारखी वापरली आणि भाविकांनी ती ऐकलीच नाही. मला दोन्ही पक्षांचे आश्चर्य वाटते. मगरिज यांच्या श्रद्धेचा मान राखूनही कॅमेरामनचे म्हणणे मान्य करावे लागते. ज्याच्या हाती कॅमेरा होता त्याला आपल्या फिल्मची जात मगरिजांपेक्षा अधिक ठाऊक असणार. त्याने 'निर्मल हृदय'चे काही उणे होत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेल्या मरणोन्मुख माणसाचे अंग पुसणारी सिस्टर साध्या, जुन्या फिल्मवर काळवंडलेली उमटली असती, तरी ती अंग पुसतच होती.

राय यांच्या चित्रांविषयी बोलताना ही हकीकत उपयोगी पडते, कारण प्रकाशाचा मोह त्यांनाही आहे. पाठीमागच्या खिडकीतून येणारा उजेड, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीभोवती पसरलेली प्रभा, अशी रचना त्यांच्या पुस्तकांतून वारंवार भेटते. ती चित्रे देखणी आहेत आणि चर्चच्या दिनदर्शिकेवर शोभतील. समीक्षक म्हणून मला ती सोपी वाटतात. पाहणाऱ्याला जे आधीच मान्य आहे तेच ती सांगतात. श्रेष्ठ चित्रे आहेत ती प्रार्थनेत गढलेल्या मदरांच्या अगदी जवळ जाऊन घेतलेली. सुरकुत्यांचे जाळे, जोडलेले हात, मिटलेल्या पापण्या. तेथे प्रभावळ नाही, थकवा आहे. ज्या स्त्रीच्या अंतःकरणातल्या दीर्घ काळोखाची पत्रे तिच्या मृत्यूनंतर, २००७ साली जगापुढे आली, तिचा चेहरा असा आधीच कोणी वाचून ठेवला असेल तर तो या चित्रांनी. इतक्या जवळ उभे राहू देण्याइतका विश्वास एका भेटीत मिळत नाही. लेन्स कितीही चांगली असो, त्या अंतराला वर्षेच लागतात.

साधनांचा विषय निघालाच आहे, तर राय यांच्या आयुष्यातला मोठा बदल पाहू. २००३ साली एका नियतकालिकासाठी मुंबईत काम करत असताना त्यांनी निकॉन डी-१०० हा डिजिटल कॅमेरा वापरला, आणि त्यानंतर आपल्याला फिल्मकडे परत जाता आले नाही, असे ते सांगत आले. चाळीस वर्षे फिल्मवर पोसलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर हे करावे, याचे अप्रूप वाटते. त्यांच्या पिढीतले कितीतरी जण फिल्मच्या नावाने गळा काढत बसले होते.

हा कॅमेरा आजच्या मानाने खेळणेच होता. त्याची क्षमता जेमतेम ६० लाख बिंदूंची. आतला संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे जुन्या लेन्समधून दृश्य दीडपटीने आवळलेले दिसे. म्हणजे ज्या रुंद लेन्सने अख्खी गल्ली मावत असे, तिच्यात आता अर्धीच मावे. पण छत्तीस चित्रांनंतर रोल बदलण्याची कटकट गेली, आणि काळ्या खोलीतल्या रात्री गेल्या. मुख्य म्हणजे पाठीवर छोटा पडदा आला, आणि टिपलेले चित्र त्याच क्षणी दिसू लागले. शिकाऊ माणसाला याचा केवढा आधार! मुरलेल्या माणसाला मात्र त्याची एक झीज सोसावी लागते. प्रत्येक चित्रानंतर मान खाली जाते, आणि मान खाली गेलेली असते तेवढा वेळ समोरचे जग न पाहिलेले राहते.

राय यांच्या २००३ नंतरच्या पुस्तकांतून मला ही झीज कोठे कोठे जाणवते. त्यांची पुस्तके अठराहून अधिक आहेत आणि ती सर्व सारख्या कसाची नाहीत. नंतरच्या काही संग्रहांत पानामागून पान गजबजलेली, हुशार रचनेची, पण एकमेकांसारखी चित्रे येतात. निवड सैल झाली आहे. रोल मोजून मिळत होता तेव्हा निवड कॅमेऱ्यातच सुरू होत असे. आता ती टेबलावर करावी लागते, आणि स्वतःच्या अपत्यांना टेबलावरून उठवणे कोणाही कलावंताला कठीणच. हा दोष यंत्राचा मानायला मात्र मी तयार नाही. चांगला संपादक शेजारी असता तर यांतली दोन-तीन पुस्तके मिळून एक उत्तम पुस्तक झाले असते.

फिल्मच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. १९७१ च्या बांगलादेशच्या चित्रणातील बऱ्याच निगेटिव्ह्ज अनेक वर्षे हरवलेल्या होत्या. त्या पुढे सापडल्या आणि २०१३ साली त्यांचे पुस्तक निघाले. डबा मिळाला, झाकण उघडले, पट्टी उजेडात धरली की चेहरे दिसले. सीमा ओलांडून चिखलातून येणाऱ्या म्हाताऱ्या, काखेत मूल घेतलेल्या बाया, सिमेंटच्या नळांत थाटलेले संसार. बेचाळीस वर्षांपूर्वीची संगणकाची तबकडी सापडली असती तर ती वाचणारे यंत्र कोठून आणले असते? हा विचार आपल्या घरोघरच्या लग्नांच्या आणि पहिल्या कम्युनियनच्या फोटोंनाही लागू आहे. आता ते मोबाइलमध्ये असतात, आणि मोबाइल बिघडला की जातात.

राय यांचे एखादेच चित्र पाहायला सवड असेल तर, भोपाळ सोडून, मी १९९५ सालच्या चर्चगेट स्थानकाच्या चित्राचे नाव सुचवीन. वसई-विरारकडून रोज चर्चगेट गाठणाऱ्या वाचकांना ते घरचेच वाटेल. फलाटावरून लोंढा वाहतो आहे. माणसांचे चेहरे, हात, पिशव्या सारे मिसळून धूर झाला आहे. त्या धुरात वर्तमानपत्र वाचणारी मोजकी माणसे मात्र रेखीव उमटली आहेत, कारण तेवढीच हललेली नाहीत. कोणतीही आपत्ती येथे नाही, एक साधी संध्याकाळ असावी. त्यासाठी शटर नेहमीपेक्षा बराच वेळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढा वेळ कॅमेरा गर्दीचे धक्के चुकवून स्थिर राहावा लागतो. थोडा वेळ अधिक झाला तर सारेच पुसले जाते, कमी झाला तर ती नुसती गर्दी राहते. हे फिल्मचे दिवस होते, पडदा नव्हता. किती वेळ पुरेल हे राय यांनी फलाटावर उभ्या उभ्या अंदाजाने ठरवले असणार, आणि जमले की नाही ते रोल धुतल्यावरच त्यांना समजले असणार.